जुनी साइट रिस्पॉन्सिव्ह करायची आहे: बूटस्ट्रॅप, टेलविंड की साधं सीएसएस?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

एका छोट्या संस्थेची वेबसाइट मी फावल्या वेळात सांभाळते. पेशाने प्रोग्रामर नाही. एचटीएमएल-सीएसएस (पानाचा सांगाडा आणि त्याची सजावट लिहायच्या भाषा) वाचता येतं, वेळ पडली तर थोडीफार डागडुजीही करते.

साइट जुनी आहे. रुंदी ९६० पिक्सेलला ठोकून बसवलेली. मोबाइलवर काही वाचता येत नाही अशी ओरड झाली तेव्हा कुणीतरी 'एम डॉट' ने सुरू होणारी वेगळी मोबाइल साइट करून दिली. आता बातमी एकीकडे टाकली की दुसरीकडे टाकायची राहून जाते. जुने लेख तर मोबाइल साइटवर कधी चढलेच नाहीत.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो सरळ अ‍ॅप काढा, दुसरा म्हणतो आहे तीच साइट रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी, करा. मी दुसऱ्या तटात. पण "फायदे काय ते मुद्देसूद लिहून द्या" असं फर्मान निघालंय आणि 'मोबाइलवर बरं दिसेल' याच्या पुढे माझी गाडी सरकत नाही.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. फायदे नेमके काय, कोणतं साधन धरू (बूटस्ट्रॅप, टेलविंड हे तयार सीएसएस-संच की साधं सीएसएस), आणि साइटवर कार्यक्रमांचा सात रकान्यांचा एक तक्ता आहे, तो फोनवर कसा बसवू?

रेघोट्या

अ‍ॅप नको.

लोक सर्चमधून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून येतात, तारीख बघतात आणि जातात. तेवढ्यासाठी कुणी अ‍ॅप उतरवून घेत बसत नाही. वर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडची देखभाल, स्टोअरचे नियम, दर वर्षी काहीतरी अपडेट. आत्ता दोन ठिकाणी बातमी टाकताना तारांबळ उडतेय, मग चार ठिकाणी टाकावी लागेल.

बाकी जाणकार येतीलच. मी खुर्ची ओढून बसलोय.

अर्धविराम

वर रेघोट्यांशी सहमत. आता फायद्यांबद्दल जरा सविस्तर. (इथला संपादक अँगल ब्रॅकेट खाऊन टाकतो, म्हणून कोड शब्दांत सांगतोय. सांभाळून घ्या.)

'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या वेब-मासिकातल्या लेखात दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक यंत्रासाठी वेगळी साइट काढत बसण्यापेक्षा एकच पान असं बांधा की ते मिळेल त्या जागेत स्वतःला बसवून घेईल. त्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: टक्केवारीत मोजलेली लवचिक मांडणी, आपल्या चौकटीबाहेर न जाणारी चित्रं, आणि रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. यातली एकही गोष्ट त्यांनी शोधलेली नव्हती. तिन्ही एकत्र वापरायच्या आणि त्याला एक नाव द्यायचं, हे त्यांचं काम.

तुमच्या साइटला याचा पहिला फायदा दिसण्यातला नाहीच. पत्ता एक होतो. आज कुणी फोनवरून एम डॉटची लिंक पाठवली आणि समोरच्याने ती लॅपटॉपवर उघडली, तर त्याला भल्यामोठ्या पडद्यावर ताणलेला एकच स्तंभ दिसत असणार. उलट दिशेनेही तीच गत. पत्ता एक झाला की मजकूर एकदाच लिहायचा, चूक एकदाच दुरुस्त करायची.

दुसरा फायदा कार्यकारिणीला ठासून सांगा. गूगल आता साइटची मोबाइल आवृत्ती बघूनच तिची नोंद करतं. हा बदल त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केला, टप्प्याटप्प्याने लागू केला आणि २०२३ मध्ये तो पूर्ण झाल्याचं कळवलं. तुमचे जुने लेख मोबाइल साइटवर नाहीत म्हणता ना? मग ते सर्चमधून उतरणीला लागले असतील तर नवल वाटून घेऊ नका. गूगलचा बॉट फोनचं सोंग घेऊन येतो, त्याला तुमचा सर्व्हर एम डॉटवर पाठवतो आणि तिथे लेख नसतात. मुख्य साइटवर कितीही खजिना पडलेला असो.

आता एक गोष्ट तुम्ही आजच तपासा. पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा (पानाला मिळणाऱ्या दृश्य जागेचा) मेटा टॅग आहे का? विड्थ इज इक्वल टू डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १. हा टॅग नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं आकसून दाखवतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा तमाम वेब डेस्कटॉपसाठीच लिहिलेलं होतं, त्याची ही सोय. तुमची अक्षरं बारीक दिसत होती ती यामुळेच. टॅग टाकला नाही तर मीडिया क्वेरी कितीही लिहा, ब्राउझर ९८० च्याच हिशेबात राहतो.

जुनाखांब

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून जरा विरजण घालतो.

मी दिवसभर २७ इंची मॉनिटरसमोर बसतो. साइट 'रिस्पॉन्सिव्ह' झाली की माझ्या वाट्याला काय येतं? पडदाभर एक फोटो, त्यावर चार शब्दांचा मथळा, खाली अंगठ्यासाठी बनवलेली ढोबळी बटणं. मेनूतल्या पाच गोष्टी सहज मावतील एवढी जागा मोकळी, तरी मेनू तीन रेघांच्या बटणाआड दडवलेला. पूर्वी एका नजरेत जे दिसायचं त्याला आता पाच वेळा स्क्रोल.

आणि फोनवाल्याचं तरी भलं होतं का? एकच एचटीएमएल सगळ्यांना म्हणजे डेस्कटॉपची अवजड चित्रं आणि स्क्रिप्टा त्याच्याही माथी. एम डॉटवाली साइट निदान हलकी तरी असायची.

मधलीओळ

@जुनाखांब, मेनूबद्दल तुमच्या बाजूने. पण तो आळशीपणाचा दोष आहे, पद्धतीचा नाही. फोनसाठी मांडणी केली आणि रुंद पडद्याचं काम बाकी असतानाच 'झालं' म्हणून टाकलं, की तुम्ही म्हणता तशी साइट तयार होते.

मला मात्र रिस्पॉन्सिव्हचा सगळ्यात मोठा फायदा डेस्कटॉपवरच होतो. माझी नजर अधू आहे. लॅपटॉपवर मी ३००-४०० टक्के झूम करून वाचते. झूम केलं की ब्राउझरच्या दृष्टीने पानाला मिळणारी रुंदी कमी होते. १२८० पिक्सेलचा पडदा ४०० टक्क्यांवर नेला की पानाला ३२०च उरतात, म्हणजे छोट्या फोनएवढे. रिस्पॉन्सिव्ह साइट तिथे मुकाट्याने फोनची मांडणी घेते आणि मी वरून खाली वाचत जाते. ९६० ला ठोकलेल्या साइटवर मला प्रत्येक ओळ वाचताना पान उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे. दोन परिच्छेदांत नाद सोडते.

डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे २०१८ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत, नेमका हाच निकष आहे. नाव 'रीफ्लो', क्रमांक १.४.१०. ३२० पिक्सेल रुंदीत आडवा स्क्रोल न करता मजकूर वाचता आला पाहिजे. तक्ते, नकाशे यांना त्यात सूट आहे. निळीशाई, हा मुद्दा लिहून द्याच.

आणि हात जोडून विनंती: व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये 'यूजर-स्केलेबल नो' लिहू नका. जुन्या टेम्प्लेटांत ते हमखास असतं. लेआउट 'हलू नये' म्हणून झूम बंद करतात. आयफोनवरची सफारी २०१६ पासून, आयओएस १० पासून, ते जुमानत नाही, पण सगळेच ब्राउझर तसे नाहीत.

अर्धविराम

मधलीओळ, हा झूमचा मुद्दा मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा इतका पटला.

जुनाखांबांच्या दुसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. रिस्पॉन्सिव्ह केलं म्हणजे साइट आपोआप हलकी होते हा गैरसमज. उदाहरणार्थ, मोठं चित्र डिस्प्ले नन करून फोनवर लपवलं तरी इमेज टॅगमधली फाइल ब्राउझर उतरवतोच. डोळ्याला दिसत नाही, डेटा मात्र जातो.

यावरचा उपाय ब्राउझरमध्येच आहे: सोर्ससेट आणि साइझेस. एकच चित्र समजा ४८०, ९६० आणि १६०० पिक्सेल रुंदीत साठवायचं. सोर्ससेटमध्ये तिन्ही फाइलींची नावं आणि त्यांची रुंदी लिहायची, साइझेसमध्ये 'हे चित्र पानात एवढी जागा घेणार आहे' हे सांगायचं. कोणती फाइल घ्यायची ते ब्राउझर ठरवतो, कारण पडद्याची घनता त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. इथे लोक साइझेस गाळतात. मग ब्राउझर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे असं धरतो आणि ३०० पिक्सेलच्या कार्डात १६०० ची फाइल ओढून आणतो. वर्डप्रेस असेल तर ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, सोर्ससेट आपणहून लागतं.

चित्राला विड्थ-हाइटचे आकडे टॅगमध्ये लिहा, आणि सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. मधे बरीच वर्षं 'रिस्पॉन्सिव्हमध्ये आकडे लिहू नका' असं सांगितलं जायचं. आता ब्राउझर त्या आकड्यांवरून गुणोत्तर काढून जागा आधीच राखून ठेवतो. नाहीतर वाचता वाचता वर चित्र येतं आणि ओळ खाली उडी मारते. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये (पानाच्या अनुभवाच्या मापांमध्ये) या उड्यांचं माप असतं, सीएलएस, ते ०.१ च्या आत असलं म्हणजे बरं.

तिरकीरेघ

साधनांवर कुणी बोलेना, म्हणून उडी घेतो.

बूटस्ट्रॅप: ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बनवलं, ऑगस्ट २०११ मध्ये खुलं केलं. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते मोबाइल-फर्स्ट झालं, २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत जेक्वेरीची (जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची) कुबडी गेली. बारा स्तंभांची जाळी. 'कोल-१२ कोल-एमडी-६' लिहिलं की फोनवर पूर्ण रुंदी, ७६८ पिक्सेलपासून पुढे अर्धी. मेनू, फॉर्म, पॉपअप तयार मिळतात. तोटा हा की सगळ्या साइट भावंडं वाटतात, आणि चार कार्डांसाठी अख्खा संसार पानावर येतो.

टेलविंड: २०१७ पासून. तयार घटक नाहीत, बारीक बारीक क्लास आहेत, ते एचटीएमएलमध्येच जोडत जायचे. हात बसला की वेग भन्नाट. नवखे हमखास फसतात ते 'एमडी' या उपसर्गाला. त्याचा अर्थ 'मध्यम पडद्यावर' असा नाही, 'मध्यम आणि त्याहून मोठ्या सगळ्यांवर' असा आहे. उपसर्ग नसलेला क्लास फोनपासून सगळीकडे लागतो. हे डोक्यात बसलं नाही तर माणूस दिवसभर 'एसएम' लिहून फोनवर का दिसत नाही म्हणून डोकं आपटतो. शिवाय टेलविंडला बिल्डची, म्हणजे साइटवर चढवण्याआधी सीएसएस तयार करून घेण्याची, पायरी लागते. तुमच्यानंतर साइट जो सांभाळेल त्याला ती झेपेल का बघा.

साधं सीएसएस: निळीशाईंना माझा सल्ला हाच. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांतही सीएसएस ग्रिड (ओळी-स्तंभांची मांडणी) आलं, तेव्हापासून जाळीसाठी फ्रेमवर्क (असा तयार संच) आणायचं मोठं कारण संपलं. कार्डांच्या यादीला डिस्प्ले ग्रिड द्या आणि ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स मध्ये लिहा: रिपीट, कंसात ऑटो-फिट, मिनमॅक्स, किमान २५० पिक्सेल, कमाल १ एफआर (मोकळ्या जागेचा एक वाटा). झालं. फोनवर एक कार्ड, टॅबलेटवर दोन-तीन, मोठ्या पडद्यावर मावतील तेवढी. एकही मीडिया क्वेरी नाही.

रेघोट्या

साधं सीएसएस म्हणणं सोपं आहे हो. कीबोर्डने चालणारा, बाहेर क्लिक केलं की मिटणारा, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) कळणारा मेनू स्वतः लिहून बघा. बूटस्ट्रॅपमध्ये तो पुष्कळ लोकांनी वापरून तासलेला आहे, आणि माहितीपानं इतकी नीट आहेत की प्रोग्रामर नसलेल्यालाही धागा सापडतो. फावल्या वेळात काम करणाऱ्याला मी बूटस्ट्रॅपच सुचवेन.

तिरकीरेघ

पाच दुव्यांना मेनू कशाला हवा? फ्लेक्स (घटक रांगेत मांडणारं सीएसएस) लावा, फ्लेक्स-रॅप द्या, फोनवर दोन ओळींत बसतील. काही दडवायचंच नाही. जुनाखांबही खूश.

निळीशाई

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तिरकीरेघांच्या मार्गाने सुरुवात केली. व्ह्यूपोर्टचा टॅग खरंच नव्हता. ९६० काढून मॅक्स-विड्थ केलं, ग्रिडची ओळ टाकली, कार्डं अगदी शहाण्यासारखी बसली.

दोन अडचणी. ब्रेकपॉइंट (मांडणी जिथे बदलते ती रुंदी) कोणत्या फोनच्या मापाने ठेवू? यादी शोधायला गेले तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आकडे. आणि फोनवर पान डावीकडे-उजवीकडे किंचित हलतं. उजव्या कडेला पांढरी पट्टी दिसते. कशामुळे ते सापडत नाही.

अर्धविराम

ब्रेकपॉइंट कोणत्याही फोनच्या मापाने ठेवू नका. ब्राउझरची खिडकी अरुंद करा आणि हळूहळू रुंद करत न्या. जिथे ओळ वाचायला फार लांब होते, किंवा बाजूला रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागते, तिथे ब्रेकपॉइंट. तो ६४३ वर आला तर ६४३. फोनची मापं दर वर्षी बदलतात, घड्या घालायचे फोन आले, टॅबलेटवर लोक दोन अ‍ॅपं शेजारी शेजारी उघडतात. तुमचा मजकूर कुठे अवघडतो ते मात्र बदलत नाही.

बूटस्ट्रॅपचे ५७६, ७६८, ९९२ किंवा टेलविंडचे ६४०, ७६८, १०२४ हे सोयीचे आकडे आहेत, त्यात शास्त्र शोधू नका. एक सवय लावून घ्या: आधी अरुंद पडद्याचे नियम कुठल्याही मीडिया क्वेरीविना लिहायचे, मग 'मिन-विड्थ' लावून रुंदीचे वाढवायचे. उलट केलं की मोठ्या पडद्याचं अर्धं सीएसएस फोनसाठी पुसत बसावं लागतं.

पान हलण्याचे नेहमीचे आरोपी: कुठेतरी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीएवढी, रुंदी (डेस्कटॉपवर त्यात स्क्रोलबारची जागाही धरली जाते), मधे न तुटणारा लांबलचक वेब-पत्ता, ठरीव रुंदीचा आयफ्रेम (दुसरीकडचं पान आत दाखवणारी चौकट), किंवा तुमचा तो तक्ता. शोधायला सोपी युक्ती: सीएसएसमध्ये तात्पुरतं सगळ्या घटकांना, म्हणजे तारांकन निवडून, एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, तिने मापं बदलतात. जी लाल चौकट कडेबाहेर डोकावेल तो चोर.

आणि बॉडीला किंवा बाहेरच्या डिव्हला (पेटीला) ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून गप्प बसवू नका. चोर घरातच राहतो. वर बाहेरच्या डिव्हला ते लावलं की आतला स्टिकी (स्क्रोल करताना वर चिकटून राहणारा) हेडर चिकटायचा थांबतो, आणि मग त्याचं कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

निळीशाई

सापडला! दोन निघाले. एक यूट्यूबचा व्हिडिओ, चिकटवलेल्या कोडमध्येच ५६० बाय ३१५ लिहिलेलं होतं. दुसरा एका लेखाखालचा लांबच लांब पत्ता. लेख आणि बाजूपट्टी फ्लेक्समध्ये आहेत, त्या पत्त्याला ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड दिलं तरी तो ढिम्म हलत नाही.

तिरकीरेघ

व्हिडिओला विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो आणि अ‍ॅस्पेक्ट-रेशो १६ बाय ९. पूर्वी यासाठी पॅडिंग ५६.२५ टक्के देऊन रिकामी पेटी बनवायचो, ते दिवस गेले.

पत्त्याचं कारण मजेशीर आहे. फ्लेक्सच्या आतल्या घटकाची मिन-विड्थ मुळात 'ऑटो' असते, म्हणजे आतल्या सर्वात लांब अखंड शब्दापेक्षा बारीक व्हायला तो तयार नसतो. आणि ब्रेक-वर्ड हे ती किमान रुंदी मोजताना हिशेबातच घेतलं जात नाही. लेखाच्या डिव्हला मिन-विड्थ शून्य द्या, किंवा ब्रेक-वर्डच्या जागी एनीव्हेअर लिहा. ग्रिडमध्येही हाच प्रकार होतो, तिथे १ एफआर ऐवजी मिनमॅक्स शून्य ते १ एफआर.

निळीशाई

मिन-विड्थ शून्य! लागलं. हे आपणहून कुणाला सुचणार?

काना_मात्रा

कुणालाच नाही. सगळे असेच कुठल्यातरी धाग्यावर शिकतात. :)

देवनागरी साइट आहे म्हणून भर घालतो. बटणांना, मेनूच्या पट्टीला, कार्डांच्या मथळ्यांना ठरीव हाइट देऊ नका. बहुतेक तयार टेम्प्लेटं रोमन लिपीवर बेतलेली असतात. तिथे नेटकं बसणारं बटण देवनागरीत वरची रफार-मात्रा किंवा खालचा उकार कापतं, आणि फोनवर मथळा दोन ओळींचा झाला की दुसरी ओळ गायब. हाइटच्या जागी मिन-हाइट आणि वर-खाली पॅडिंग द्या. लाइन-हाइट १.२ असेल तर वाढवा, मी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही. आणि लेटर-स्पेसिंग अजिबात नको, शिरोरेषेचे तुकडे पडतात. टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना ते हळूच लावलेलं असतं.

जुनाखांब

वरचा प्रतिसाद कामाचा. कापलेल्या वेलांट्या बघून माझं रोज रक्त आटतं.

मधलीओळ

तक्ता राहिलाच. रकाने कोणते आहेत?

निळीशाई

तारीख, वेळ, विषय, वक्ते, ठिकाण, शुल्क, नोंदणीचा दुवा.

मधलीओळ

मग हा तक्ता नाहीच, यादी आहे. स्वतःला विचारा, वाचणारा एका रकान्यातले आकडे वरखाली ताडून बघतो का? निकालपत्रक, दरपत्रक असेल तर हो. तुमच्याकडे लोक एक ओळ शोधतात आणि तीच आडवी वाचतात. प्रत्येक कार्यक्रमाचं कार्ड करा: वर तारीख-वेळ, मग विषय ठळक, खाली वक्ते आणि ठिकाण, शेवटी शुल्क व नोंदणीचं बटण. रुंद पडद्यावर तीच कार्डं ग्रिडने एका ओळीत पसरवा, म्हणजे जुनाखांबांना एका नजरेत दिसेल.

खरा तक्ता असेल तर त्याला एका डिव्हमध्ये घाला, त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो. तक्ता आपल्या जागेत सरकतो, पान स्थिर राहतं. कीबोर्डवाल्यांना तिथे पोचता यावं म्हणून त्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्य. पहिला रकाना स्टिकी केला तर सोन्याहून पिवळं. तक्त्याच्या टॅगनाच डिस्प्ले ब्लॉक लावून कार्डं बनवायची एक युक्ती फिरत असते, ती टाळा. काही ब्राउझरांत त्याने स्क्रीन रीडरला 'हा तक्ता आहे' हेच कळेनासं होतं.

बटण करताना बोटाचा विचार करा. डब्ल्यूसीएजी २.२ किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागतं, अ‍ॅपल ४४ पॉइंट सुचवतं. मी ४४ धरते.

रेघोट्या

अवांतर: हल्ली कंटेनर क्वेरीचा बराच बोलबाला ऐकतोय. निळीशाईंना लागतील का?

तिरकीरेघ

तितकंसं अवांतर नाही. मीडिया क्वेरी विचारते 'खिडकी केवढी?'. कंटेनर क्वेरी विचारते 'मी ज्या पेटीत आहे ती केवढी?'. तेच कार्ड मुख्य भागात आडवं आणि बाजूपट्टीत उभं हवं असेल तर याला तोड नाही. क्रोम आणि सफारीत २०२२ मध्ये आलं, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्यामुळे बिनधास्त वापरा. एवढंच की पेटीला कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ द्यायला विसरलात तर काहीच घडत नाही, आणि चूकही कुठे दिसत नाही. तूर्त कार्यक्रमांच्या कार्डाला पुरेल.

मथळ्यांच्या आकारासाठी क्लॅम्प वापरा: किमान, मधला, कमाल. मधल्या आकड्यात नुसतं व्हीडब्ल्यू लिहू नका, रेम (पानाच्या मूळ अक्षराच्या पटीतलं माप) अधिक व्हीडब्ल्यू लिहा. नुसतं व्हीडब्ल्यू असलं की झूम केल्यावर अक्षर हवं तसं वाढतच नाही. मधलीओळ रागावतील.

मधलीओळ

रागावतेच.

काना_मात्रा

तपासणीबद्दल. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की फोनची चौकट दिसते, फायरफॉक्समध्येही तीच कळ. पण आत इंजिन डेस्कटॉपचंच असतं. आयफोन निवडला तरी ती सफारी नव्हे. म्हणून शेवटी खरा फोन हातात घ्यावाच लागतो. ज्यांच्याकडे सगळी यंत्रं नाहीत ते ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा वापरतात. रिस्पॉन्सिव्हली नावाचं एक मुक्तस्रोत अ‍ॅप आहे, त्यात एकच पान अनेक रुंदींत शेजारी शेजारी दिसतं, कच्च्या कामाला छान. गूगलची मोबाइल-फ्रेंडली टेस्ट मात्र शोधू नका, ती २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली. क्रोममधलं लाइटहाउस हे तपासणीचं साधन आहे.

खऱ्या फोनवरच कळणाऱ्या दोन गोष्टी. १०० व्हीएच, म्हणजे खिडकीएवढी, उंची दिली तर पत्त्याच्या पट्टीआड खालचं बटण दडतं. तिथे डीव्हीएच किंवा एसव्हीएच (ती पट्टी हिशेबात धरणारी मापं) वापरा. आणि फॉर्मच्या खणातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन त्या खणावर बोट ठेवताच पान झूम करतो. लोक यावर झूमच बंद करतात (वर मधलीओळ यांचा प्रतिसाद पाहा). अक्षर १६ करा, प्रश्न मिटला. सदस्यत्वाच्या फॉर्ममध्ये फोन नंबरला टाइप टेल आणि ईमेलला टाइप ईमेल द्या, म्हणजे योग्य कीबोर्ड उघडतो.

निळीशाई

यादी करून घेतली, कार्डांचं काम सुरू आहे. एम डॉटवाली साइट कधी बंद करू?

अर्धविराम

बंद करू नका, वळवा. एम डॉटच्या प्रत्येक पानावरून मुख्य साइटवरच्या त्याच पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण). सगळी पानं मुखपृष्ठावर ढकलायचा मोह आवरा. लेख शोधत आलेला माणूस मुखपृष्ठ बघून परत जातो आणि गूगललाही ते पान हरवल्यासारखंच वाटतं. मुख्य साइटवर 'फोन दिसला की एम डॉटवर पाठव' असा जो नियम असेल तो त्याच वेळी काढा, नाहीतर दोन्ही साइट एकमेकींकडे बोट दाखवत बसतील आणि ब्राउझर कंटाळून चूक दाखवेल. पानांच्या हेडमध्ये कॅनॉनिकल आणि अल्टरनेटच्या (मूळ पान कोणतं आणि पर्यायी कोणतं ते सांगणाऱ्या) जुन्या ओळी असतील त्याही साफ करा.

एम डॉटचं डोमेन आणि त्याचं एसएसएल प्रमाणपत्र चालू ठेवा. प्रमाणपत्र संपलं की रीडायरेक्टपर्यंत पोचायच्या आधीच ब्राउझर लाल इशारा दाखवतो. लोकांनी जुन्या लिंका कुठे कुठे जपून ठेवलेल्या असतात.

जुनाखांब

माझा एक प्रश्न. मी लांब लेख कागदावर छापून वाचतो. नव्या साइटवर छापायला गेलो की मेनू, बटणं, तळपट्टी सगळं कागदावर येतं. याचा कुणी विचार करतं का?

तिरकीरेघ

करता येतो, आणि तोही त्याच यंत्रणेने. छपाईसाठी वेगळे नियम १९९८ च्या सीएसएस २ मध्येच होते, फोनच्या कितीतरी आधी. निळीशाई, मीडिया प्रिंट असा एक तुकडा लिहा: मेनू, बाजूपट्टी, व्हिडिओ डिस्प्ले नन, लेखाची मॅक्स-विड्थ नन, अक्षराचा आकार पॉइंटमध्ये, १२ च्या आसपास, मथळ्याला ब्रेक-आफ्टर अव्हॉइड, म्हणजे तो पानाच्या तळाशी एकटा अडकत नाही, चित्रांना ब्रेक-इनसाइड अव्हॉइड. लेखातल्या दुव्यांचे पत्ते कागदावर हवे असतील तर आफ्टर वापरून कंसात छापता येतात, पण त्या लांबलचक पत्त्याला तेवढं वगळा. डेव्हटूल्सच्या रेंडरिंग टॅबमध्ये प्रिंटची नक्कल पडद्यावरच बघता येते, कागद फुकट जात नाही.